गाळलेली पिठी

पावडर ढवळलेलं पाणी दिसायला नुसत्या पाण्यासारखंच होतं, आणि सुगंधाला नेमकं तेच आवडलं नाही. औषध कसं औषधासारखं दिसावं. काढा काळा असतो, एरंडेल चिकट असतं. आपण काय गिळतोय ते माणसाला कळतं तरी. हे मात्र स्टीलच्या मोठ्या तांब्यात निमूट बसून होतं, जणू त्याच्याकडून कुणाला काही धोकाच नाही.

"घ्या बघू," ती नवऱ्याला म्हणाली.

नंदू तावडेने ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट, गुळचट. समुद्रात लिंबू पिळल्यासारखा."

"चव बघायला दिलंय काय? घटाघट प्या."

"तू पी आधी एक घोट, मग माका शिकव."

रुचिरा, त्यांची एकुलती एक मुलगी, दारात एका पायावर उभी राहून बूट चढवत होती. पवईला ऑफिस. उद्यापासून तिने रजा टाकली होती, पण आजचा दिवस तिला सोडत नव्हते. "आई, नीट ऐक हां," ती म्हणाली. "आज पप्पांना फक्त पातळ. म्हणजे कसं पातळ? ग्लासाच्या पलीकडून पेपर वाचता आला पाहिजे, एवढं. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सरबत, बिनदुधाचा चहा. बाकी काही म्हणजे काही नाही. दुपारी त्या गोळ्या, संध्याकाळी परत गोळ्या. आणि हा सगळा तांब्या संपला की दुसरा. कळलं ना?"

"कळलं गं. मी काय कुकुलं बाळ हाय?"

"तू नाही, ते आहेत," रुचिरा बापाकडे बोट दाखवून म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घाटकोपरच्या भटवाडीतली ती खोली. आत मोरी, मोरीला लागून संडास. हे एक बरं होतं की संडास घरातच होता. नाहीतर आजचा दिवस निभावलाच नसता. सुगंधाने सकाळचं पाणी आलं तेव्हाच दोन्ही पिंपं, बादल्या, कळशी, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवली होती. घरात कार्य असल्यासारखी भांडी ओळीने मांडलेली. कार्य कसलं ते मात्र कुणी बोलत नव्हतं.

नंदू बस डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. गणपतीच्या आधीपासून त्याच्या शौचातून रक्त जात होतं. ते त्याने कुणाला कळू दिलं नाही, कारण गणपतीत भजनाच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या आणि मंडळात त्याच्याइतका पखवाज कुणी वाजवत नव्हतं. विसर्जन झालं, आणि मग एका सकाळी मोरीत तोल जाऊन पडला तेव्हा सगळं बाहेर आलं. तपासणीत आतड्याच्या खालच्या भागात गाठ निघाली. मुलुंडच्या हॉस्पिटलातल्या सर्जन डॉक्टर वसुधा नाडकर्णी यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून, गाठीपाशी पेन टेकवून त्यांना समजावलं होतं.

"हा तुकडा काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची. जोड सुरुवातीला कच्चा असतो. त्याला घाण लागली, तर पू होतो, टाके सुटतात, आणि मग ते पोटभर पसरतं. माणूस त्याने जातो, गाठीने नाही. म्हणून आदल्या दिवशी पोट धुवायचं. पावडरच्या पाण्याने घाण जाते, गोळ्यांनी मागे राहिलेले जंतू कमी होतात. दोन्ही हवं, एकावर भागत नाही."

"आणि नीट नाय धुतला गेला तर?" नंदूने विचारलं होतं.

"तर तुमच्यासारख्या केसमध्ये मी जोडायची जोखीम घेणार नाही. वरचं टोक पोटावर बाहेर काढून शौचाची पिशवी लावेन. काही महिने. पुढचं पुढे."

त्या 'पुढचं पुढे'वर नंदूचा विश्वास नव्हता.  परतताना रिक्षात, घाटकोपर आल्यावर, तो म्हणाला, "काय वाट्टेल ता करूंदे. पिशवी नको माका. सांगून ठेवतंय."

सुगंधाला कारण ठाऊक होतं. मंडळात झांज वाजवणारे दळवी म्हणून होते, त्यांना पिशवी लागली होती. बरे होऊन ते हौसेने भजनाला आले. ऐन गजरात पिशवीने आवाज केला, मग वास सुटला.  शेजारची माणसं थोडी थोडी सरकली, आणि दळवी पुन्हा कधी आले नाहीत. सरकणाऱ्यांत नंदूही होता. शिवाय पखवाज वाजवणारा मांडी घालून बसतो, वाद्य पोटाशी ओढून घेतो. पिशवी बसणार ती नेमकी तिथे, डाव्या अंगाला. पखवाज गेला की नंदूला दुसरं काय होतं?

पहिला तांब्या संपला. दोघं वाट बघत बसली.

काहीच झालं नाही.

प्रीतमचा, म्हणजे मंडळाच्या बुवांचा, फोन आला. सुगंधाने तो स्पीकरवर लावला.

"काय रे नंद्या, सुटली काय गाडी?"

"खय सुटता? सिग्नल लागलो नाय अजून."

"मेल्या, आयुष्यभर पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापलीस. आज तुझीच कणीक बंद! बघ कसं वाटतं चामड्याला."

नंदू हसला. हसताना त्याने पोटावर हात ठेवला आणि हसू मध्येच थांबलं. फोन झाल्यावर सुगंधाने त्याच्या पोटाला हात लावून पाहिला. ते ताणलेलं होतं, टणक, बोटाने टिचकी मारली तर वाजेल असं. आत कुठेतरी पाणी वळसे घेत होतं आणि वाट मिळत नसल्यासारखं पुन्हा मागे येत होतं. ती गुरगुर तिला ओट्यापर्यंत ऐकू यायची.

"दुखतंय?"

"दुखत नाय. भरलाय."

त्याच्या कपाळावर घाम होता. खिडकीबाहेर ऑक्टोबरचं ऊन समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर पांढरं होऊन पडलं होतं. सुगंधाने मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. डॉक्टरांना फोन करावा का, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण काय सांगायचं? होत नाही म्हणून? की पोट वाजतंय म्हणून? मोठ्या डॉक्टरांना असल्या गोष्टीसाठी फोन करायचा तिला धीर झाला नाही.

दुपारकडे मात्र तो एकाएकी उठला आणि भिंतीला धरत आत गेला. मग थांबायचं नावच नाही. बाहेर येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा आत. पिंपातली पातळी खाली खाली जात होती. सुगंधा बाहेर उभी राहून बादलीमागून बादली सरकवत होती. आधी घाण, मग गढूळ पाणी, मग रक्ताची लालसर झाक असलेलं पाणी. वास असा की जिन्यावरून जाणाऱ्या बाईनेही पदर नाकाला लावला. प्रत्येक खेपेला नंदू आणखी थोडा लहान होऊन बाहेर येत होता. शेवटी तो दाराच्या चौकटीतच खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काहीतरी दे गो," तो म्हणाला. "आतून सगळा खरवडून काढल्यासारखा झालाय."

"शहाळं देतंय."

"शहाळं नको. पाण्याचा नावसुद्धा काढू नको."

गोळ्यांची वेळ झाली होती. सुगंधाने त्या हातावर काढल्या, आणि तिचा हात थांबला. मोठ्या मोठ्या गोळ्या, एक नाही, मूठभर. आणि पोटात अन्नाचा कण नाही. तिला सासू आठवली. गुडघेदुखीसाठी सकाळी उठल्या उठल्या, चहासुद्धा न घेता, गोळ्या खाणारी सासू. एका दुपारी रक्ताची उलटी झाली, आणि फॅमिली डॉक्टर सगळ्यांवर ओरडले होते: रिकाम्या पोटी गोळी देता? अक्कल कुठे गेली तुमची? तेव्हापासून त्या घरात काहीतरी खाल्ल्याशिवाय कुणी गोळी घेतलेली नव्हती. बिस्किट का असेना, पण काहीतरी. तो नेम सुगंधाच्या हाडात मुरला होता.

रुचिराला विचारावं म्हणून तिने फोन लावला. तो कट झाला, आणि लगेच मेसेज आला की मीटिंगमध्ये आहे.

मग तिने डब्यातलं कुळथाचं पीठ काढलं. कोकणातल्या घरात आजाऱ्याला दुसरं काय देतात? ताप असो, सर्दी असो, बाळंतीण असो, कुळथाची पिठी. पातळच तर असते. तिने ती नेहमीपेक्षा पातळ केली, लसूण नुसता ठेचून तेलात दाखवला आणि काढून टाकला, मिरची घातलीच नाही. मग स्वच्छ फडक्यातून गाळली. पुन्हा गाळली. काचेच्या ग्लासात ओतून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरली. तपकिरी पाण्याच्या पलीकडे तारखेचा आकडा होता. म्हणजे आकडा नव्हता, काळा डाग होता. ती ग्लास जवळ नेत गेली. अगदी कागदाला चिकटवल्यावर डागाला थोडा आकार आला.

दिसतंय की, ती स्वतःशी म्हणाली.

नंदूने ग्लास दोन्ही हातांत धरला. पहिला घोट घेतल्यावर त्याने डोळे मिटले. "आता जीव आला," तो म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग दिसला. त्याने आणखी मागितली. तिने दिली. मग त्याने एकेक करून गोळ्या गिळल्या. तिला वाटलं, चला, हे एक तरी आपण बरोबर केलं.

ते समाधान फार टिकलं नाही. त्याला आधी उचकी लागली. मग तो मोरीकडे झेपावला, पण पोचला नाही. घमेलं पुढे सरकवायला तिला जेमतेम वेळ मिळाला. तपकिरी पिठी जशी गेली होती तशी परत आली, आणि तिच्यावर तरंगत होत्या गोळ्या, कडा थोड्या विरघळलेल्या. दोन तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. बाकीच्या आत राहिल्या, की फेसात बुडाल्या, हे बघायचं तिच्याने झालं नाही. तिने घमेलं मोरीत उपडं केलं.

"अवो, परत घ्यायच्या काय गोळ्या? मेडिकलवाल्याकडून आणतंय."

"हात लावू नको माका." तो भिंतीला पाठ लावून धापा टाकत होता. मग त्याची नजर दुसऱ्या तांब्याकडे गेली. काठोकाठ भरलेला, निमूट. तो गुडघ्यांवर रांगत गेला, तांब्या उचलला आणि मोरीत ओतला. पाणी भोकातून खळखळत गेलं.

"काय केलात ह्या?"

"पुरे झाला. गेला होता तेवढा गेला. आता पाणीच पडता."

"रुचिरा विचारील."

"प्यालो म्हणून सांग." त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दमदाटी नव्हती. ती असती तर सुगंधाला सोपं गेलं असतं. "सांगशीत तर ते पिशवी लावतले. बाई बोलली ना तेव्हा? तू कोणाक काय सांगू नको गो. माझी आण हा तुका."

"बरं," सुगंधा म्हणाली.

संध्याकाळी रुचिरा आली. तिने रिकामे तांबे पाहिले, धुतलेली मोरी पाहिली. "वा पप्पा, झकास! दोन्ही संपवले?"

"मग? डेपोत डिझेल भरायचो, ह्या काय मोठा?"

संध्याकाळच्या गोळ्या त्याने रुचिराच्या समोर गिळल्या, आणि त्या बाहेर आल्या नाहीत. एवढाच काय तो दिलासा. त्याला झोप लागल्यावर सुगंधा ओट्याशी उभी राहिली. फडकं तिने वाळत घातलं होतं. कुळथाचा रंग निघता निघत नाही. फडक्याच्या मधोमध तपकिरी गोल तसाच राहिला होता.

सकाळी मुलुंडला त्याला भरती करून घेतलं. हिरवा झगा घालून नंदू कॉटवर बसला होता. सिस्टर तरुण होती, भराभर विचारत गेली.

"पावडर पूर्ण घेतली?"

"पूर्ण."

"गोळ्या?"

"सगळ्या."

"शेवटी पाणी कसं होत होतं? काही रंग, गाळ?"

"एकदम निवळ," नंदू म्हणाला. "तोंड बघून घ्या त्याच्यात."

सिस्टर हसली आणि गेली. सुगंधा खिडकीबाहेर बघत होती. नंदू तिच्याकडे बघतोय हे तिला पाठीला जाणवत होतं.

मग त्याला पुन्हा लागली. ती त्याला धरून वॉर्डाच्या टोकाच्या संडासात घेऊन गेली. तो बाहेर येताना साखळी ओढायला वळला, पण तेवढ्यात तिने आत पाहिलं होतं. काळ्या चहासारखं पाणी, आणि तळाला बसलेला भुसा. कुळथाचा होता, की त्याच्याही आधीचं काही गाठीच्या वरच्या अंगाला दडून राहिलेलं होतं, कोण जाणे. गाठीपलीकडे अजून किती असेल?

"बघू नको," नंदू म्हणाला आणि साखळी ओढली.

ती त्याला कॉटवर बसवून बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती. तिला आण घातलेली होती. आण मोडली की माणसाला लागते, असं तिची आई सांगायची. आणि न मोडली तर? डॉक्टरबाईंचे शब्द तिला जसेच्या तसे ऐकू येत होते: पू होतो, टाके सुटतात, पोटभर पसरतं. माणूस त्याने जातो. घमेल्यातली ती पिठी तिला दिसत होती, फक्त आता ती घमेल्यात नव्हती, नंदूच्या पोटात होती, ओल्या टाक्यांमधून हळूहळू पाझरत होती. आणि ती रांधली कुणी? गाळली कुणी?

डॉक्टर वसुधा जिना चढून आल्या. बरोबर रुचिरा होती. खालून पैसे भरून आली होती. सुगंधा पुढे झाली. ती वाटेतच उभी राहिली, म्हणून डॉक्टरच थांबल्या.

"बोला तावडेबाई."

"पोट धुतला नाय गेला त्यांचा," सुगंधा म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पिठी दिली. कुळथाची. दुपारी. रिकाम्या पोटी गोळ्या कशा द्यायच्या म्हणून. मग उलटी झाली, गोळ्यापण गेल्या. दुसरा तांब्या ओतून दिला मोरीत. आत्ता बघितलं मी. गाळ पडतोय अजून."

"आई!" रुचिराचा आवाज चढला. "काय यार तू! मी सकाळी काय सांगून गेले होते? पेपर वाचता आला पाहिजे, एवढं साधं..."

"गाळली होती गं मी. दोनदा."

"गाळली होती म्हणे!"

"रुचिरा, थांबा जरा," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला, आणि सुगंधाला त्याचीच जास्त भीती वाटली. "काल पावडर प्यायल्यावर किती वेळ काही उतरलं नाही?"

"बराच वेळ. पोट दगडासारखं झालं होतं."

 "तेव्हाच फोन करायचा होता. वाट फारच अरुंद झालीये. आता घरी पाठवून पुन्हा पावडर दिली, तर पोट फुगून फुटेल. थांबता येणार नाही. आजच करू. शिरेतून अँटिबायोटिक देतोच आहोत, पण पोटातून जायच्या त्या गोळ्यांचं काम ते पूर्ण करत नाही. जोडायचं की नाही ते मी आत बघून ठरवेन. पण तुम्ही मनाची तयारी करा."

"पिशवी?"

"हो."

"मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नका."

"बाई, त्यांची सही लागेल. कारण विचारतील, तर खोटं मी बोलणार नाही."

नंदूने कारण विचारलंच नाही. डॉक्टर बोलत होत्या तेव्हा तो सुगंधाकडेच बघत होता. बोलणं संपल्यावर त्याने पेन घेतलं आणि डेपोतल्या रजिस्टरवर करायचा तशी लांबलचक सही केली. मग सिस्टर मार्कर घेऊन आली. त्याला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. पोटाला वळी कुठे पडते, पँट कुठे येते ते पाहिलं. आणि डाव्या अंगाला, बेंबीच्या खाली, काळी फुली मारली.

"इथे का?" नंदूने सिस्टरला विचारलं.

"तुम्हाला स्वतःला दिसायला हवी काका. साफ करायला."

ट्रॉली निघाली तेव्हा सुगंधा बाजूने चालत होती. दारापाशी तिला थांबवलं. नंदूने छताकडे बघत एकच वाक्य उच्चारलं: "आण घातली होती मी तुका."

दार मिटलं.

त्यानंतरची वाट पाहणं सांगण्यासारखं नाही. रुचिरा आईशी बोलत नव्हती. मग न राहवून तिने चहा आणला, तोही दोघींनी प्यायला नाही. डॉक्टर बाहेर आल्या त्या टोपी काढत.

"गाठ निघाली. सगळी निघाली असं दिसतंय. पण वरच्या भागात बराच गाळ साठला होता, काढताना थोडा सांडलासुद्धा. आम्ही धुतलं. अशा ठिकाणी टाका घातला असता तर मला झोप लागली नसती. पिशवी लावलीये." त्या जाता जाता वळल्या. "तुम्ही बोलला नसतात, तर कदाचित मी आत गेल्यावरही ओळखलं असतं. कदाचित. पण मग त्यांना न विचारताच लावावी लागली असती. पुढचे काही दिवस मात्र नजर ठेवायची. जखमेत जंतू गेले असतील तर ते आता डोकं वर काढतील."

नंदूला शुद्ध आली तेव्हा त्याचा हात आपसूक पोटाकडे गेला. बोटं प्लास्टिकवर टेकली आणि तिथेच राहिली. सुगंधा कॉटशेजारी उभी होती. त्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली.

तो तिच्याशी बोलेना. पाणी हवं असलं की सिस्टरला सांगायचा. पिशवी रिकामी करायला सिस्टरने सुगंधाला शिकवलं, तेव्हा तो डोळे मिटून पडून राहिला, जणू ते पोट दुसऱ्याच कुणाचं आहे. दुसऱ्या दिवसापासून सुगंधा ते एकटी करू लागली. वास आला तेव्हा ती सरकली नाही. हे तो बघत होता की नाही, तिला माहीत नव्हतं. प्रीतम भेटायला आला, त्याच्याशी नंदू दोन शब्द बोलला. "काय रे, वैनींशी भांडलास?" असं प्रीतमने विचारलं, तर म्हणाला, "झोप येता माका."

मग एका सकाळी सिस्टर आली, काखेत थर्मामीटर लावला, काढून पाहिला. झटकला. पुन्हा लावला. या खेपेला ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग चादर बाजूला करून जखमेवरच्या पट्टीची कड तिने वर केली आणि लगेच खाली सोडली.

"काय झालं?" नंदूने विचारलं.

"काही नाही काका. अंग जरासं गरम आहे. मॅडमना सांगते हं." आणि ती भराभर निघून गेली.

नंदू तिच्या पाठीकडे बघत राहिला. वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडच्या कॉटवरचा म्हातारा घोरत होता. मग नंदूने मान वळवली, या बाजूला, कितीतरी दिवसांनी.

"तू बघ," तो म्हणाला.

"काय?"

"बघ काय झाला ता. ती सांगूची नाय. तू सांग."

सुगंधाने चादर काढली. पट्टीची कड उचलली. टाक्यांच्या दोन्ही अंगांना कातडी लाल झाली होती, ताणलेली, चकाकणारी. खालच्या टाक्यातून पिवळसर ओल पट्टीला लागली होती. तिने आपला तळवा त्याच्या पोटावर, जखमेपासून दूर, ठेवून पाहिला. चटका बसला.

थोडंसं लालसर आहे, बरं होईल: हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. नंदू तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"ताप हाय," ती म्हणाली. "चांगलाच हाय. टाके लाल झालेत आणि खालून पू येतोय."

"आतून?"

"आतला माका दिसत नाय. बाईंनी जोड दिला नाही, त्यामुळे आतला टाका सुटायची भीती नाय. पण सांडलं होतं आत, ते त्या बोलल्या होत्या. तुमाला सांगितलं नव्हतं आम्ही."

"पिठी?"

"ती पण असेल."

नंदूने मान हलवली. तो रागावला नव्हता, आणि बराही झाला नव्हता. ओठ पुन्हा पांढरे दिसत होते. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरबाईंच्या चपलांचा आवाज आला, घाईचा, आणि मागोमाग ट्रॉलीच्या चाकांचा.

"तू जा," तो म्हणाला. "काय बोलतंत ता सगळा ऐक. आणि माका येऊन सांग. होता तसा."

"सांगते."

ती उठली. पण तिच्या पदराचं टोक त्याच्या मुठीत होतं, ते कधी धरलं तिला कळलं नव्हतं. मूठ तापाने गरम झाली होती, आणि ती सोडवून घ्यायला सुगंधाला थोडा वेळ लागला.